परस्परसंवादी साधने आणि विद्यार्थ्याचे वाक्य

१

गणित आणि विज्ञान ह्या विषयांच्या अध्यापनासाठी संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालणारी जी साधने गेल्या दोन दशकांत उपलब्ध झाली आहेत, त्यांना मराठीत 'परस्परसंवादी साधने' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. विद्यार्थी पडद्यावरील एखादी खूण सरकवतो, एखादा बिंदू ओढतो किंवा एखादी संख्या बदलतो, आणि समोरची आकृती तत्काळ त्यानुसार बदलते. एवढ्या व्यवहाराला 'संवाद' म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा कीस काढण्यासारखा वाटेल. परंतु ह्या साधनांचे लाभ कोणते आणि ते केव्हा पदरात पडतात, ह्याचा निर्णय बराचसा ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संवादाला दोन पक्ष लागतात आणि दोघांनाही काही म्हणता यावे लागते. येथे साधन बोलत नाही, ते दाखवते. विद्यार्थीही बोलत नाही, तो हलवतो. मग ह्या व्यवहारात बोलणे कोठे येते, आणि ते आलेच नाही तर काय बिघडते?

प्रस्तुत लेखक भौतिकीचा वा गणिताचा अध्यापक नाही. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ह्या विषयात बोलण्याचा अधिकार एवढ्याचसाठी पोहोचतो की, वर्गात जे ज्ञान म्हणून तपासले जाते ते अखेर वाक्यांच्या रूपाने तपासले जाते. सूत्र हेही एक वाक्यच होय. त्याला कर्ता-कर्म नसले तरी विधान असते. ह्या लेखात तीन प्रसिद्ध साधने घेऊन त्यांचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. ह्या साधनांचा मुख्य लाभ त्यांच्या आकर्षकतेत नाही. एका राशीत फेरफार करून दुसरीचे काय होते हे पाहण्याची मोकळीक ती देतात, आणि संबंध सांगणारी वाक्ये रचण्याची जी सामग्री मराठीत आधीपासूनच सिद्ध आहे, तिला ती नवे काम देऊ शकतात. ती सामग्री वापरली गेली नाही, तर हलती आकृती ही केवळ करमणूक ठरते. हा ह्या लेखाचा मुख्य सिद्धान्त आहे.

२

प्रथम साधनांचा थोडक्यात परिचय करून देणे आवश्यक आहे. संगणकाच्या साहाय्याने मुलाने स्वतः काही घडवावे आणि त्यातून गणित शिकावे, ही कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेत निर्माण झालेल्या 'लोगो' ह्या संगणकभाषेमागे तीच कल्पना होती, आणि तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सीमूर पॅपर्ट ह्यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' ह्या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. ज्यातील बिंदू ओढता येतात अशी 'गतिमान भूमिती' १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समधील ग्रनोबल येथे 'काब्री' ह्या प्रणालीच्या रूपाने आकारास आली. त्यानंतर मार्कुस होहेनवार्टर ह्यांनी २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने 'जिओजेब्रा' ह्या प्रणालीचे काम सुरू केले. भूमितीची आकृती आणि तिचे बीजगणितीय समीकरण ही दोन्ही एकाच पडद्यावर परस्परांशी जखडलेली असावीत, हे तिचे वैशिष्ट्य होय. २००१ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेत 'फेट' हा प्रकल्प स्थापन केला. त्यातील आभासी प्रयोग आज मराठीसह शंभराहून अधिक भाषांत भाषांतरित झालेले आहेत.

ही साधने ब्राउझरमध्ये चालतात ह्या गोष्टीला केवळ तांत्रिक महत्त्व आहे असे नाही. शाळेच्या संगणककक्षात नवी प्रणाली बसवावयाची तर परवानगी, जाणकार माणूस आणि अनुकूल यंत्र हे तिन्ही एकत्र यावे लागतात. ब्राउझर मात्र स्वस्तातल्या मोबाइलवरही असतोच. ह्या क्षेत्राने एक मोठा धडाही घेतला आहे. जुनी अनेक शैक्षणिक साधने 'फ्लॅश' ह्या एका कंपनीच्या तंत्रावर उभी होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार बंद झाला आणि जी साधने वेळीच नव्याने लिहिली गेली नव्हती ती निरुपयोगी झाली. ज्यांनी ब्राउझरच्या खुल्या प्रमाणपद्धतीचा आश्रय घेतला होता त्यांची साधने टिकली. फेटचे नवे प्रयोग उतरवून घेऊन जालजोडणीवाचूनही चालवता येतात. ग्रामीण शाळेच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

३

आता पहिले साधन घेऊ. फेटच्या लंबकाच्या प्रयोगशाळेत दोरीची लांबी, गोळ्याचे वस्तुमान आणि गुरुत्वबल ह्या तिन्ही गोष्टी बदलता येतात. एका आंदोलनाला लागणारा काळ मोजण्याची सोय आहे. खरे पाहता लंबक करावयास एक दोरा आणि एक दगड पुरेसा आहे. मग पडद्यावरचा लंबक कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी विद्यार्थी ह्या लंबकाविषयी कोणकोणती वाक्ये बोलू शकतो, ते पाहावे.

सर्वांत साधी रचना 'जर–तर' ही होय: जर दोरी लांब केली, तर आवर्तकाल वाढतो. हे वाक्य दोन अवस्थांची तुलना करते. मधल्या अवस्थांविषयी ते मौन बाळगते. दुसरी रचना 'जसजसा–तसतसा' ही आहे: जसजशी दोरी लांब होते तसतसा आवर्तकाल वाढतो. येथे द्विरुक्तीने सातत्य आले. खूण हळूहळू सरकवताना डोळ्यांना जे दिसते त्याचे हे वाक्य जवळजवळ प्रतिबिंबच आहे. सातत्याने बदलणाऱ्या दोन राशींचा संबंध सांगणारी ही रचना मराठीत घरोघर वापरली जाते; ती विद्यार्थ्याला शिकवावी लागत नाही.

तिसरी रचना 'जितका–तितका' ही. येथे दिशेवरून आपण मापाकडे येतो, आणि येथेच भाषा विद्यार्थ्याला चकवते. 'जितकी लांबी जास्त तितका काळ जास्त' हे वाक्य व्यवहारात निर्दोष आहे. परंतु ते बोलणाऱ्याच्या मनात 'लांबी दुप्पट तर काळही दुप्पट' हा समप्रमाणाचा अर्थ नकळत शिरतो. आता खूण ०.२५ मीटरवर ठेवली तर आवर्तकाल सुमारे १ सेकंद येतो, आणि १ मीटरवर ठेवली तर सुमारे २ सेकंद. लांबी चौपट झाली, काळ मात्र दुप्पटच. वाक्य मोडले, आणि ते मोडले हेच त्या तासाचे फलित आहे. पाठ्यपुस्तकात 'आवर्तकाल हा लांबीच्या वर्गमुळाच्या समप्रमाणात असतो' असे लिहिलेले असते. ज्याचे 'जितके–तितके' एकदा मोडले आहे, त्याच्या दृष्टीने 'वर्गमुळाच्या' हा शब्द एका अडचणीचे उत्तर असतो. ज्याचे मोडलेच नाही, त्याच्या दृष्टीने तो पाठ करावयाचा आणखी एक शब्द असतो.

चौथी रचना 'कितीही–तरी' ही आहे: वस्तुमान कितीही वाढवले तरी आवर्तकाल तेवढाच राहतो. विज्ञानात जे बदलत नाही त्याला जे बदलते त्याच्याइतकेच महत्त्व आहे, आणि मराठीत ते सांगण्यासाठी ही रचना तयार आहे. छापील पानावर 'आवर्तकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो' असे नकारात्मक विधान येते. त्यातील 'नसतो' मागे किती प्रयत्न फुकट गेलेले असतात, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. खूण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवूनही आकडा हालत नाही, तेव्हा 'कितीही' ह्या शब्दाला वजन येते.

आता दोरा आणि दगड ह्यांच्या प्रश्नाकडे वळू. ह्या चारही रचना खऱ्या लंबकाच्या आधाराने बोलता येतील, आणि जेथे शक्य असेल तेथे त्या तशाच बोलाव्यात. परंतु एक रचना अशी आहे की जिला दोरा-दगड पुरत नाहीत. मराठी व्याकरणात जिला संकेतार्थ म्हणतात ती ही रचना: आपण चंद्रावर असतो, तर हा एक मीटरचा लंबक एका आंदोलनाला सुमारे पाच सेकंद घेता. वर्गातले गुरुत्वबल बदलता येत नाही. पडद्यावर चंद्र, पृथ्वी आणि गुरू ह्यांतून निवड करता येते. घर्षण शून्य असते तर काय झाले असते, हेही वर्गात घडवता येत नाही, पडद्यावर येते. गॅलिलिओपासूनचे भौतिकशास्त्र ज्या विचारप्रयोगांवर उभे आहे ते सारे संकेतार्थी वाक्यांनी मांडलेले असतात, आणि शाळेत नेमकी हीच वाक्ये विद्यार्थ्याला सर्वांत निराधार वाटतात. आभासी प्रयोगाचा विशेष लाभ संकेतार्थाला दृश्य रूप देण्यात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जे खऱ्या वस्तूंनी सहज होते त्यासाठी पडदा उघडणे म्हणजे साधनाचा दुरुपयोग होय.

४

दुसरे साधन जिओजेब्रा. भूमितीच्या सिद्धतेचा आरंभ 'समजा, अबक हा कोणताही त्रिकोण आहे' ह्या वाक्याने होतो. ह्या वाक्यातील 'कोणताही' हे पद भाषिक दृष्ट्या मोठे विलक्षण आहे. फळ्यावर शिक्षक जो त्रिकोण काढतात तो कधीच 'कोणताही' नसतो. तो एक विशिष्ट त्रिकोण असतो, बहुधा लघुकोन, आणि त्याचा पाया बहुधा फळ्याच्या खालच्या कडेला समांतर असतो. शब्द सर्वव्यापी आणि आकृती एकव्यापी, अशी ही विसंगती आहे. हुशार विद्यार्थी ती मनातल्या मनात मिटवतो. इतरांच्या मनात मात्र तो एकच त्रिकोण घर करून राहतो.

जिओजेब्रात शिरोबिंदू धरून ओढला की त्रिकोण लघुकोनाचा काटकोन होतो, काटकोनाचा विशालकोन होतो. तिन्ही शिरोलंब आधीच काढून ठेवले असतील, तर त्यांचा संपातबिंदू प्रथम त्रिकोणाच्या आत असतो, काटकोनाच्या क्षणी तो नेमका काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि पुढे त्रिकोणाबाहेर निघून जातो. 'कोणताही' ह्या पदाची व्याप्ती एवढ्या थोडक्या वेळात दाखवून देणारे दुसरे साधन प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे नाही.

येथे शब्दार्थाचा एक प्रश्न गुंतलेला आहे, त्याचाही निर्देश करणे अगत्याचे आहे. 'लंब' हा शब्द मूळ लोंबण्याच्या अर्थाचा. गवंड्याचा ओळंबा ह्याच कुळातला. ओळंबा नेहमी जमिनीच्या दिशेने लोंबतो. 'उंची' ह्या शब्दाचेही तसेच; उंची मोजावयाची ती खालून वर. त्यामुळे विद्यार्थी शिरोलंब काढावयास सांगितला की पेन्सिल उभी खाली आणतो, मग समोरची बाजू तिरपी का असेना. ही चूक आळसाची नाही; शब्दाच्या व्युत्पत्तीशी ती प्रामाणिक आहे. आकृती पडद्यावर फिरवली की पाया तिरपा होतो, शिरोलंबही त्याच्याबरोबर तिरपा होतो, आणि लंब म्हणजे 'उभा' नव्हे, एखाद्या रेषेशी काटकोन करणारा, हा पारिभाषिक अर्थ व्यावहारिक अर्थापासून सुटा होतो. शब्द तोच राहून त्याचा आशय बदलणे, ही परिभाषेच्या शिक्षणातील सर्वांत अवघड पायरी असते. फिरणारी आकृती ती सोपी करते.

तथापि ह्या साधनाचा एक धोकाही आहे. शिरोबिंदू कसाही ओढला तरी तीन कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे शंभर वेळा पाहिलेल्या विद्यार्थ्याला सिद्धतेची गरज का वाटावी? 'कितीही ओढले तरी' आणि 'कोणत्याही त्रिकोणात' ही दोन वाक्ये सारखी दिसली तरी एक अनुभवाचे आहे आणि दुसरे प्रमेयाचे. पहिल्यातून दुसरे निष्पन्न होत नाही. हा भेद शिकवण्याची संधी साधन स्वतःच देते, हे मात्र पुष्कळदा लक्षात येत नाही. पडद्यावर कोनांची मापे सामान्यतः दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवलेली असतात. खरी मापे ४५.३३६, ६६.३३६ आणि ६८.३२८ असतील तर बेरीज १८० होते. पण पडद्यावर ४५.३४, ६६.३४ आणि ६८.३३ अशी मापे दिसतात आणि त्यांची बेरीज १८०.०१ भरते. एखादा चौकस विद्यार्थी ती करतो आणि साधन चुकले म्हणून हसतो. त्या वेळी शिक्षकाने पुढे न जाता तेथेच थांबावे. कारण मापनाने १८० हे उत्तर कधीच निर्विवाद मिळणार नाही, त्यासाठी समांतर रेषांचा आधार घेऊन युक्तिवादच करावा लागेल, हे सांगण्यास याहून चांगला प्रसंग येणार नाही.

५

तिसरे साधन फेटचा विद्युतमंडलाचा संच. ह्यात तारा, बॅटऱ्या, दिवे आणि रोध जोडून मंडल तयार करता येते. मंडलात नाणे, पेन्सिल, खोडरबर, एवढेच नव्हे तर कुत्रासुद्धा जोडून तो सुवाहक की दुर्वाहक हे पाहता येते. परंतु ह्या संचाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. वर ज्या दोन साधनांचा विचार केला त्यांत भाषा बहुतांशी साहाय्यकारी होती. येथे ती थेट विरोधात उभी आहे.

विजेविषयी आपण मराठीत कसे बोलतो ते पाहावे. हा पंखा फार वीज खातो. उगीच दिवे जाळू नका. एवढी वीज कोठे खर्च झाली, म्हणून बिल एवढे आले. खाणे, जाळणे, खर्चणे ह्या साऱ्या क्रियांत कर्म संपते. हे बोलणे ऊर्जेच्या अर्थाने चुकीचे नाही. पण 'वीज' हा एकच शब्द ऊर्जेलाही आहे आणि विद्युतधारेलाही आहे. परिणामी विद्यार्थी असे गृहीत धरतो की बॅटरीतून निघालेली धारा दिव्यात थोडी खाल्ली जाते आणि उरलेली परत येते. दोन दिवे एकसरीत जोडले तर दुसरा मंद जळेल असे तो म्हणतो. ही समजूत केवळ मराठी मुलांची नव्हे. जगभरच्या भौतिकीच्या अध्यापकांना ती परिचित आहे. मराठीत मात्र क्रियापदे तिला रोज खतपाणी घालतात.

संचात नऊ व्होल्टची बॅटरी आणि दहा ओहम रोधाचा दिवा जोडला आणि दिव्याच्या दोन्ही बाजूंस धारामापक ठेवला, तर दोन्हीकडे ०.९ अँपिअर हाच आकडा येतो. तसाच दुसरा दिवा एकसरीत जोडला की दोन्ही दिवे सारखेच मंद होतात आणि मंडलात सर्वत्र ०.४५ अँपिअर दिसतात. एवढे खऱ्या उपकरणांनीही दाखवता येते. पण पडद्यावर तारेतून सरकणारे ठिपकेही दिसतात. दिव्यात शिरण्यापूर्वी ते ज्या गतीने चालतात त्याच गतीने ते बाहेर पडतात. एकही ठिपका कमी होत नाही. 'खाणे' हे रूपक डोळ्यांसमोर निष्प्रभ होते.

ह्या संचाविषयी नोआ फिंकेल्स्टाइन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. विद्यापीठाच्या प्रारंभिक भौतिकीच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांना खरी उपकरणे आणि काहींना हा आभासी संच दिला गेला. नंतर आभासी संचावर काम केलेले विद्यार्थी संकल्पनांच्या चाचणीत तर सरस ठरलेच, पण खरे मंडल जोडण्यात आणि ते कसे चालते ह्याचे वर्णन करण्यातही सरस ठरले. ह्या निष्कर्षाचा पूर्वार्ध सर्वत्र उद्धृत केला जातो. प्रस्तुत लेखकाला शेवटचा भाग अधिक अर्थपूर्ण वाटतो. विद्यार्थ्यांनी मंडलाचे वर्णन करावयाचे होते. म्हणजे जे पाहिले त्याचे वाक्य करावयाचे होते. वर्णनाची ती अट काढून टाकली असती तर ह्या लाभाचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या हाती आलाच नसता.

असे असले तरी एका रूपकाच्या जागी दुसरे रूपकच आले आहे, हे विसरता कामा नये. पडद्यावरील ठिपके काही सेकंदांत मंडल पार करतात. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असता इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर असतो. एक मीटर तार ओलांडावयास त्यांना चार तासांच्या जवळपास लागतात. बटण दाबताच दिवा लागतो तो साऱ्या तारेतील इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच सरकू लागतात म्हणून, बॅटरीजवळचा इलेक्ट्रॉन धावत दिव्यापाशी येतो म्हणून नव्हे. ठिपक्यांची गती ही साहित्यशास्त्राच्या भाषेत अतिशयोक्ती आहे. अतिशयोक्ती हा दोष नाही, तिच्यावाचून येथे काही दिसलेच नसते. मात्र अलंकार अलंकार म्हणून ओळखता आला पाहिजे. कवितेच्या तासाला हे आपण आग्रहाने शिकवतो. विज्ञानाच्या तासाला पडद्यावरच्या चित्राविषयी तोच आग्रह का धरू नये? शिवाय पडद्यावरचा निसर्ग सूत्राच्या आज्ञेत असतो. तेथे सैल स्क्रू नसतो, गंजलेला चिमटा नसतो. सूत्र आणि निसर्ग ह्यांच्यात अंतर पडते तेव्हा काय करावयाचे, हे खऱ्या प्रयोगशाळेतच शिकता येते.

६

तीन साधनांच्या ह्या परीक्षणानंतर आरंभीचा प्रश्न पुन्हा हाती घेऊ. पडद्यासमोर बसलेल्या दोन मुलांचे बोलणे कान देऊन ऐकावे. 'हे बघ.' 'इकडे ओढ.' 'आता ते गेलं तिकडे.' 'अजून, अजून!' ह्या बोलण्यात उत्साह आहे, परस्परसहकार्य आहे. पण नामे जवळजवळ नाहीत. ते दर्शक सर्वनामांनी आणि स्थलवाचक अव्ययांनी भरलेले आहे. ह्यात दोष मुलांचा नाही. वस्तू दोघांच्याही डोळ्यांसमोर असता तिचे नाव घेण्याची गरज भाषेला पडत नाही. परंतु पडदा बंद झाला की 'हे' आणि 'ते' निराधार होतात आणि परीक्षेच्या कागदावर लिहावयास हाती काही उरत नाही. साधन जितके परिणामकारक, तितकी नाव घेण्याची गरज कमी. हा ह्या साधनांच्या गुणातूनच उद्भवणारा दोष होय, आणि तो शिक्षकानेच भरून काढावयाचा आहे.

साधनांचे निर्माते ह्या बाबतीत अगदीच उदासीन आहेत असे नाही. फेटच्या काही प्रयोगांत पडदा न पाहू शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आकृतीच्या बदलत्या अवस्थेचे शाब्दिक वर्णन ऐकण्याची योजना आहे. खूण सरकवली की काय बदलले हे वाक्यात सांगितले जाते. जी सोय अंध विद्यार्थ्यासाठी झाली, ती डोळस विद्यार्थ्यालाही उपकारक ठरावी. कारण तिच्यात 'हे' आणि 'ते' चालत नाहीत.

ही सोय मराठीत आणावयाची तर केवळ शब्दांची यादी भाषांतरित करून भागणार नाही. संगणकप्रणालींतील मजकूर तुकड्या-तुकड्यांनी भाषांतरित केला जातो, आणि तुकडे जोडून वाक्य बनवण्याची पद्धत इंग्रजीला सोसते तशी मराठीला सोसत नाही. 'दगड' हा तुकडा आणि 'चे वस्तुमान' हा तुकडा जोडला की 'दगड चे वस्तुमान' होते; मराठीला 'दगडाचे' हे सामान्यरूप हवे असते. काळ वाढला, लांबी वाढली, वस्तुमान वाढले, असे क्रियापदही लिंगानुसार बदलते. परिभाषेचा प्रश्नही आहेच. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. पण आवर्तकाल आणि दोलनकाल असे दोन पर्याय चालू असताना पडद्यावर एक आणि पाठ्यपुस्तकात दुसरा आला, तर एकाच राशीच्या दोन राशी झाल्यासारखे विद्यार्थ्याला वाटते. भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांपाशी भाषाशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी बसले, तर हे दोन्ही प्रश्न सुटण्यासारखे आहेत.

शेवटी एका अधिक गंभीर गोष्टीचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रातील कितीतरी मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची सेमी-इंग्रजी पद्धत रूढ झाली आहे. ही साधने तेथे इंग्रजी नामपट्ट्यांसह येतात, आणि त्यावर भाषाप्रेमी मंडळी खेद व्यक्त करतात. प्रस्तुत लेखकाला त्या नामपट्ट्यांची तितकीशी भीती वाटत नाही. 'जसजसा रेझिस्टन्स वाढतो तसतसा करंट कमी होतो' हे वाक्य संपूर्ण मराठी आहे. त्यातील दोन नामे उसनी आहेत, विचाराचा सांगाडा घरचा आहे. संबंध नामांत नसतो, तो 'जसजसा–तसतसा' मध्ये असतो. भीती आहे ती वेगळी. ज्या वर्गात इंग्रजी वाक्य येत नाही म्हणून विद्यार्थी बोलत नाही आणि मराठी वाक्य चालत नाही म्हणूनही बोलत नाही, त्या वर्गात हलती आकृती आली की त्या मौनावर पडदा पडतो. आकृती हलते आहे, मुले रमली आहेत, म्हणजे शिक्षण चालले आहे असा आभास उत्पन्न होतो. नामे गमावलेली भाषा उसनवारीवर पुष्कळ काळ जगते. वाक्यरचनाच वापरातून गेली, तर तिच्यात विचार करण्याची सवय जाते.

म्हणून ह्या साधनांचा वर्गात उपयोग करताना तीन गोष्टी पाळाव्यात, असे सुचवावेसे वाटते. खूण हलवण्यापूर्वी विद्यार्थ्याने काय होईल ते एका पूर्ण वाक्यात वहीत लिहावे. हलवून झाल्यावर ते वाक्य खोडून न टाकता त्याच्याखाली दुरुस्त वाक्य लिहावे. 'जितके–तितके' कोठे मोडले ते वहीत दिसत राहिले पाहिजे. आणि तास संपण्यापूर्वी पडद्यावरच्या चित्रात खऱ्यासारखे काय नव्हते, हे एका वाक्यात नोंदवावे. ह्याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. फक्त दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत विद्यार्थी जे लिहितो तेवढ्यापुरतेच 'परस्परसंवादी' हे विशेषण सार्थ ठरते. आणि अशा वह्या जर शाळांकडून आपल्या विभागाकडे अभ्यासासाठी येऊ लागल्या, तर मराठी मुलांच्या विज्ञानविषयक वाक्यरचनेचा जो अभ्यास अवश्य व्हावयास हवा, त्याची सामग्री आपल्या हाती आपोआप जमा होईल.